स्थानिक संगीत रुजवायचे, तर आधी श्रोते जोडावेत

अनेक ठिकाणी गाणारे-वाजवणारे पुष्कळ असतात, ऐकायला उत्सुक असलेली माणसेही असतात, आणि तरीही तिथे संगीताचे वातावरण तयार होत नाही. कलावंत आपापल्या घरी रियाज करतात, श्रोते आपापल्या घरी ध्वनिमुद्रणे ऐकतात, आणि या दोघांची गाठ पडेल अशी ठरलेली जागा व ठरलेली वेळ कुठेच नसते. त्यामुळे वर्षातून एक भव्य कार्यक्रम करण्यात सारी शक्ती खर्च करण्यापेक्षा लहान, पण न चुकता होणाऱ्या मैफलींची मालिका सुरू करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. भव्य कार्यक्रमाला गर्दी जमते. पण त्या गर्दीतील माणसे एकमेकांना न ओळखताच पांगतात.

सुरुवात जागेपासून करावी. अपेक्षित श्रोत्यांच्या मानाने थोडी लहान खोली निवडणे केव्हाही चांगले. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत पस्तीस माणसे बसली की मैफल भरलेली वाटते. तेवढीच माणसे तीनशे आसनांच्या सभागृहात विखुरली की कलावंताचाही उत्साह मावळतो. यात केवळ मनाचा भाग नाही. माणसांची शरीरे व कपडे आवाज शोषून घेतात, त्यामुळे भरलेल्या खोलीत शब्द आणि स्वर स्वच्छ ऐकू येतात, तर रिकाम्या सभागृहात ते भिंतींवर आदळून एकमेकांत मिसळतात. इंग्लंडमधील मँचेस्टरमध्ये ४ जून १९७६ रोजी ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक रॉक वाद्यवृंदाचा जो कार्यक्रम झाला, तो फ्री ट्रेड हॉलच्या मुख्य सभागृहात झाला नाही; त्याच इमारतीतील ‘लेसर फ्री ट्रेड हॉल’ या लहान सभागृहात मोजक्याच श्रोत्यांसमोर झाला. तो घडवून आणणारे हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली हे स्वतः गाणारे-वाजवणारे होते. २० जुलैला त्यांनी तिथेच दुसरा कार्यक्रम केला आणि त्या वेळी त्यांचा ‘बझकॉक्स’ हा वाद्यवृंदही मंचावर आला. पहिल्या कार्यक्रमाला आलेल्या बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक या तरुण श्रोत्यांनी पुढे ‘जॉय डिव्हिजन’ या वाद्यवृंदाची स्थापना केली. श्रोत्याला आपणही हे करू शकतो असे वाटायला कलावंत त्याच्या जवळ असावा लागतो, आणि पाठोपाठ दुसरी संधीही दिसावी लागते.

दिवस एकदा ठरला की तो बदलू नये. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ एवढे श्रोत्याच्या लक्षात राहते. दर वेळी नवी तारीख शोधावी लागली की तो हळूहळू शोधणे सोडून देतो. न्यूयॉर्कमधील ‘सीबीजीबी’ हे संगीताचे क्लब १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाले, आणि पुढच्या वसंतात ‘टेलिव्हिजन’ हा तेव्हा अपरिचित असलेला वाद्यवृंद तिथे रविवारी वाजवू लागला. अपरिचित कलावंताला अशी ठरावीक रात्र मिळाली की तो श्रोत्यांसमोर घडत जातो, आणि ते घडणे पाहायला श्रोतेही परत येतात. चालक हिली क्रिस्टल यांचा तिथे आग्रह असे की वाद्यवृंदांनी स्वतःच्या रचना वाजवाव्यात. जुनी लोकप्रिय गाणी कुठेही ऐकायला मिळतात. इथलेच गाणे ऐकायला मात्र इथेच यावे लागते. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या मैफलींना ही अट जशीच्या तशी लावू नये. तिथे एखादा क्वचित ऐकू येणारा राग किंवा विस्मरणात चाललेली चाल ऐकवण्याची विनंती करावी.

कार्यक्रमाच्या रचनेकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे, कारण श्रोतृवर्ग वाढतो तो इथेच. दोन किंवा तीन कलावंत घ्यावेत आणि प्रत्येकाला तीस-चाळीस मिनिटे द्यावीत. दीर्घ आलापाचे संगीत असेल, तर एकच कलावंत पुरे. प्रत्येक कलावंत आपले मित्र आणि नातलग घेऊन येतो. ही मंडळी आपल्या माणसाचे झाल्यावर उठून गेली, तर तीन श्रोतृवर्ग तीनच राहतात. म्हणून नवख्या कलावंताला मध्ये बसवावे, परिचिताला शेवटी ठेवावे, आणि प्रत्येक कलावंताने इतरांचे वादन अखेरपर्यंत बसून ऐकावे ही अट निमंत्रण देतानाच स्पष्ट सांगावी. मध्ये पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती ठेवून त्या वेळी खोलीत पुरेसा उजेड असावा आणि पार्श्वसंगीत लावू नये, म्हणजे माणसे आपसांत बोलतील. एकट्याने आलेल्या नव्या श्रोत्याशी बोलण्याचे काम एका स्वयंसेवकाकडे नेमून द्यावे. हे काम क्षुल्लक वाटते, परंतु माझ्या मते प्रसिद्धीच्या सगळ्या खटाटोपापेक्षा ते अधिक मोलाचे आहे, कारण ज्याला कोणी नावाने ओळखते तो श्रोता पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतो.

ध्वनिव्यवस्थेत काटकसर करावी, हयगय करू नये. लहान खोलीत पुष्कळदा मायक्रोफोनची गरजच नसते. तो वापरायचाच असेल, तर मुख्य स्पीकर गायकाच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की शिट्टीसारखा कर्कश नाद होतो. श्रोते येण्यापूर्वीच साउंडचेक, म्हणजे ध्वनिव्यवस्थेची चाचणी, संपवावा आणि खोली भरल्यावर आवाज पुन्हा एकदा जुळवून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या मानकानुसार कार्यक्रमातील आवाजाची पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. लहान खोलीत ती याहून पुष्कळ कमी ठेवलेलीच बरी.

पैशाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून स्पष्टता असावी. प्रवेशशुल्क माफक का होईना, ठेवावे, आणि ज्याला ते परवडत नाही त्याला न विचारता आत घ्यावे. जमा रकमेतून जागेचे भाडे वजा करून उरलेली रक्कम कलावंतांत कशी वाटली जाईल, हे आधीच लेखी कळवावे. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ असे सांगून कलावंताला फुकट वाजवायला लावणे मला अन्यायाचे वाटते, आणि अशा ठिकाणी चांगले कलावंत फार काळ टिकत नाहीत.

प्रसिद्धीसाठी श्रोत्यांची, त्यांच्या संमतीने केलेली, संपर्कयादी सर्वांत उपयोगी पडते. समाजमाध्यमावरील पोस्ट कोणाला दिसेल हे त्या माध्यमाच्या हाती असते. यादी मात्र आपली असते. कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी एक आणि त्या दिवशी सकाळी एक, असे दोनच संदेश पाठवावेत, आणि विशेषणांऐवजी कोण काय गाणार, किती वाजता सुरू होणार व किती वाजता संपणार हे लिहावे. सांगितलेल्या वेळेलाच सुरुवात करावी. संपूर्ण मैफलीचे चित्रण टाकण्यापेक्षा कलावंताला विचारून एकच, नीट ध्वनिमुद्रित केलेली रचना प्रसारित करावी.

दर कार्यक्रमानंतर एकूण उपस्थितीबरोबर दुसऱ्यांदा आलेले किती, हेही टिपून ठेवावे. उपस्थिती वाढत असूनही परतणारे कमी असतील, तर जाहिरात थांबवून मैफलीतच काय उणे आहे ते शोधावे.

हे सारे एकाच उत्साही माणसावर अवलंबून राहिले, तर तो थकला की सगळेच थांबते. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला महोत्सव त्यांच्या २०११ मधील निधनानंतरही चालू राहिला, कारण त्यामागे आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था उभी होती. आपली मालिका कितीही लहान असली, तरी पहिल्या वर्षातच किमान दोन जणांना बरोबर घ्यावे, जागेच्या चाव्या, संपर्कयादी आणि हिशेबाची वही त्यांच्याकडेही असू द्यावी, आणि वर्षातून एक-दोन मैफली संपूर्णपणे त्यांच्यावर सोपवून आपण त्या वेळी केवळ श्रोत्यांत बसावे.