ब्रिटिश सिटकॉममध्ये सगळे हसतात आणि आपण नाही, तेव्हा काय करावे

जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका बघण्याआधी इंग्लंडचा इतिहास वाचून घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्याने एकही मालिका शेवटपर्यंत पाहिलेली नसावी, असे माझे पक्के मत झाले आहे. मी वाचला होता इतिहास. हसू काही आले नाही.

सबटायटल्स इंग्रजीच लावा. हिंदीत विनोद पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो.

शेजारी एक वही ठेवा. बीबीसीच्या त्या काळातल्या बहुतेक मालिका स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित होत, त्यामुळे तो हशा हा आपला वाटाड्या आहे. प्रेक्षक हसले आणि आपण कोरडे राहिलो, तिथली वेळ टिपून ठेवायची. भाग थांबवायचा नाही, लगेच मोबाइलवर शोधाशोधही करायची नाही. भाग संपल्यावर वही बघा. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या पुढाऱ्याचे किंवा साबणाच्या जाहिरातीचे नाव निघाले तर खुशाल सोडून द्या. आजच्या इंग्रज पोरांनाही ते कळत नाही.

उरलेल्या नोंदी मात्र सोडू नका, कारण त्यातल्या बहुतेक एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात: या खोलीत कोण कोणापेक्षा वरचा आहे?

मी अडकलो होतो तो इथेच. ‘डॅड्स आर्मी’ (1968 ते 1977, 80 भाग) ही दुसऱ्या महायुद्धातल्या होम गार्डची, म्हणजे मुख्यतः वय उलटलेल्यांच्या स्थानिक पलटणीची गोष्ट. कॅप्टन मॅनरिंग हा गावातल्या बँकेचा मॅनेजर. बँकेत त्याच्या हाताखाली असलेला विल्सन पलटणीतही त्याचाच सार्जंट. पहिले सात-आठ भाग मी एक फुगीर साहेब आणि एक आळशी मदतनीस एवढेच बघत होतो. विल्सन जवानांना ‘जरा रांगेत उभे राहता का’ अशा सुरात हुकूम देई, प्रेक्षक खदखदत, आणि मी जांभया देत बसे.

मग लक्षात आले की विल्सन पब्लिक स्कूलमध्ये शिकलेला आहे. हा शब्द फसवा आहे. इंग्लंडात पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा नव्हे, तर बड्या घरच्या मुलांची महागडी खासगी शाळा. मॅनरिंग ग्रामर स्कूलमधून, म्हणजे साध्या घरच्या हुशार मुलांच्या शाळेतून, कष्टाने वर आलेला. हुद्द्याने वरचा, जन्माने खालचा, आणि हे दोघांनाही ठाऊक. विल्सनचा तो मऊ आवाज आळसाचा नाही. ज्याला कधी ओरडावेच लागले नाही, त्याचा तो आवाज आहे. 1973 च्या एका भागात विल्सनच्या नावामागे ‘ऑनरेबल’ ही उमराव घराण्यातली उपाधी लागते आणि ज्या गोल्फ क्लबात शिरायला मॅनरिंग वर्षानुवर्षे धडपडतो आहे, तिथले आमंत्रण विल्सनला आपसूक येते. मॅनरिंगचा चेहरा तेवढा बघा.

आपल्याला हे अवघड जाऊ नये खरे तर. कोणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले की त्याचे गाव, शाळा, जात असे सगळे आपण क्षणात ठरवून मोकळे होतो. हे चांगले नाही, पण कान तसा घडलेला असतो. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी केलेली ‘ती फुलराणी’ मराठीत इतकी रुजली त्यात या कानाचाही वाटा आहे. तोच कान इंग्रजीसाठी तयार करायचा. अ‍ॅलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने 1954 मध्ये वरच्या वर्गाचे शब्द आणि इतरांचे शब्द वेगळे काढून दाखवले आणि लेखिका नॅन्सी मिटफर्डने ते घरोघरी पोचवले. वरचे लोक ‘नॅपकिन’ म्हणतात, वर चढू पाहणारे ‘सर्व्हिएट’. ऐकू आले नाही तर वरचे सरळ ‘व्हॉट?’ विचारतात, ‘पार्डन’ म्हणणारा मधला. आणि कामगार घरातला ‘टी’ म्हणजे चहा नव्हे, ते संध्याकाळचे जेवण.

प्रत्येक पात्राबद्दल मी एवढेच विचारतो: हा शिकला कुठे, बोलतो कसा, आणि कोणापुढे याचा आवाज बदलतो? तिसऱ्या प्रश्नाने कुलूप उघडते. ‘फॉल्टी टॉवर्स’च्या 1975 मधल्या पहिल्याच भागात हॉटेलमालक बेसिल एका पाहुण्यावर खेकसत असतो. पाहुणा लॉर्ड आहे असे कळताच त्याची जीभ पाघळते. (तो लॉर्ड भामटा निघतो, हे ओघाने आलेच.) ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’मधली हायसिंथ तर ‘बकेट’ हे आडनाव ‘बुके’ असे उच्चारायला लावते आणि बनियनवर फिरणारा मेहुणा कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून जिवाचे रान करते.

उपरोधाला फार वेळ लागत नाही, कारण शालजोडीतले मारणे आपल्याला परके नाही. मंत्री आणि त्याचा सनदी अधिकारी यांच्यावरच्या ‘येस मिनिस्टर’मध्ये अधिकाऱ्याने निर्णय ‘वादग्रस्त’ म्हटला तर मते जाणार, ‘धाडसी’ म्हटला तर निवडणूकच जाणार. अधिकाऱ्याने कौतुक केले की मंत्री घामाघूम होतो.

काही विनोद आज सडलेले वाटतील. तिथे हसण्याची सक्ती नाही. फक्त टोला कोणावर आहे ते बघा. ‘फॉल्टी टॉवर्स’मधला म्हातारा मेजर भारतीय आणि वेस्ट इंडियन क्रिकेटपटूंबद्दल जे बोलतो ते किळसवाणे आहे, पण तिथे हसे मेजरचेच होते. ‘माइंड युअर लँग्वेज’मधल्या इंग्रजीच्या वर्गातल्या शीख आणि पाकिस्तानी विद्यार्थ्यांबद्दल मला एवढी खात्री वाटत नाही.

सुरुवात ‘फॉल्टी टॉवर्स’ने करा, बाराच भाग आहेत. इतिहासात घडणारी ‘ब्लॅकॅडर’ पुढे कधीतरी, आणि तीही 1986 च्या दुसऱ्या पर्वापासून. पहिले पर्व बघायचा हट्ट केलात तर वही लवकर भरेल.