क्लच ऑइलची डबी: बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

डबीतली पातळी कमी दिसली की लोकांचा हात थेट बाटलीकडे जातो. अहो, क्लचचं तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. उलट क्लच प्लेट झिजते तसा स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सकडचा, तेलाच्या दाबाने क्लच हलवणारा) पिस्टन मागे सरकतो आणि डबीतली पातळी किंचित वर चढते. ब्रेकचं नेमकं उलटं: पॅड झिजले की पातळी उतरते. म्हणून ब्रेक-क्लचची डबी एकच असेल तर आधी पॅड बघा. क्लचची डबी वेगळी असून पातळी घसरली, तर कुठेतरी गळतंय.

मी टॉर्च घेऊन आधी पेडलपाशी वाकतो आणि मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा) दांडी आत शिरते तिथे बोट फिरवतो. ओलं लागलं तर मास्टरचं सील गेलं. कोरडं असेल तर गाडीखाली, स्लेव्ह आणि बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं घंटेसारखं आवरण) तळाशी बघतो. स्लेव्ह आतल्या बाजूला असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग प्लेटही तेव्हाच बघून घ्या. ‘थोडं थोडं ओततो, चालतंय की’ म्हणणारे एक दिवस सिग्नलला पेडल तळाला टेकवून उभे असतात आणि गिअर काही निघत नाही.

दुसरी चूक ‘तेल ते तेल’वाल्यांची. ओळखीतल्या एकाने हाताशी होतं म्हणून पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं. काही दिवसांत पेडल अडखळायला लागलं, चढावर क्लच घसरायला लागला. गॅरेजने प्लेट बदलायला सांगितली. मी डबीचं झाकण काढलं, तर आतलं रबर फुगून कडेबाहेर आलेलं, परत बसेचना. आतली सीलंही तशीच फुगलेली; मास्टरमधलं परतीचं बारीक भोक झाकलं गेलं, दाब सुटेना आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहिला. प्लेट ठणठणीत होती! शेवटी मास्टर, स्लेव्ह, होज सगळं नवं टाकावं लागलं.

झाकणावर लिहिलंय तेच ओता. बहुतेक गाड्यांत डॉट 3 किंवा डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल असतं. डॉट 5 सिलिकॉनचं, ते यात मिसळू नका, डॉट 5.1 मात्र सिलिकॉनचं नाही, नाव बघून फसू नका.

कधीची उघडी पडलेली बाटली वापरू नका, हे तेल हवेतला ओलावा ओढतं. काठोकाठ भरू नका. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसा. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग निघतो.

तेल काळं पडलं की नुसती डबी साफ करून उपयोग नाही, पाइपातलं जुनं तिथेच राहतं. मी सिरिंजने डबीतलं काढतो, नवं भरतो आणि मग स्लेव्हच्या निप्पलमधून (तेल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) तेल स्वच्छ येईपर्यंत सोडतो. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. घाईवाले इथे भराभर पेडल मारतात आणि डबीकडे बघतच नाहीत. ती रिकामी झाली की हवा आत, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.