विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाताना

डिसेंबर-जानेवारीत ठाण्यातल्या शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू होतात आणि ओळखीतल्या एखाद्या बाईंचा फोन येतो, "परीक्षक म्हणून याल का?" जायचं ठरवलंत तर तयारी त्या फोनवरच सुरू करा. प्रकल्प किती, इयत्ता कोणत्या, परीक्षक किती आणि वेळ किती, हे तेव्हाच विचारा. ४० प्रकल्प आणि ३ तास असतील, तर एका प्रकल्पाला साडेचार मिनिटं मिळतात आणि गुण लिहिणंही त्यातच आलं. एवढ्यात कुणाचंच नीट ऐकून होत नाही. आणखी दोघांना बोलवा, गट वाटून घेऊ, असं त्याच वेळी सुचवता येतं. प्रदर्शनाच्या सकाळी कुणाच्याच हातात काही नसतं. त्या शाळेत तुमची भाची, शेजारचा मुलगा किंवा तुमच्या क्लासचा विद्यार्थी असेल तर तेही सांगून टाका. तो गट दुसऱ्या परीक्षकाकडे द्यायला कुणाचीच हरकत नसते.

गुणपत्रक आधी मागवा आणि घरी शांतपणे वाचा. एनसीईआरटी या राष्ट्रीय शिक्षण संस्थेच्या विज्ञान प्रदर्शनांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेला २० टक्के आणि सादरीकरणाला १० टक्के भार आहे. शाळेचं पत्रक वेगळं असेल, पण हे प्रमाण मनात ठेवण्यासारखं आहे. चकचकीत फ्लेक्स आणि घडाघडा पाठ म्हटलेली माहिती यांची छाप पटकन पडते, आणि पुठ्ठ्यावर स्वतः वायर जोडणारी मुलगी मागे राहते.

प्रकल्पांची यादी मिळाली तर बालभारतीची विज्ञानाची पुस्तकं चाळा. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात. तुम्ही इंजिनिअर असा किंवा डॉक्टर, सातवीच्या वर्गात काय शिकवून झालंय हे ठाऊक नसेल तर प्रश्न एक तर डोक्यावरून जाईल किंवा फारच पोरकट होईल.

तयारीचा सगळ्यात जास्त वेळ प्रश्नांना द्या. "तत्त्व सांग" म्हटलं की पाठांतर सुरू होतं. "तू काय केलंस आणि काय दिसलं?" असं विचारलं की मूल स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लागतं. काही विषय दरवर्षी भेटतात, त्यांचे प्रश्न आधीच लिहून ठेवा. शेवग्याच्या बियांच्या पुडीने गढूळ पाणी स्वच्छ होतं, हा त्यातला एक. इथे विचारा, तेच पाणी बियांशिवाय तेवढाच वेळ ठेवून पाहिलं का? गाळ नुसता ठेवला तरी थोडा खाली बसतोच, म्हणून दुसऱ्या बाटलीशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. पाणी नितळ झालं म्हणजे पिण्याजोगं झालं का, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

दृष्टिहीनांसाठी स्मार्ट काठीही हमखास असते. तिच्यातला सेन्सर ध्वनीचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. मग अंतर काढताना त्या वेळाचं निम्मं का करायचं? आणि काठी भिंतीऐवजी जाड पडद्यासमोर धरली तर काय झालं? मऊ कापड ध्वनी शोषतं, त्यामुळे तिथे काठी चुकू शकते. ज्यांनी काठी घरात फिरवून पाहिली आहे, त्यांच्याकडे याचं उत्तर असतं.

पर्जन्यजल संधारणाच्या मॉडेलवर प्लास्टिकचं घर आणि निळा पाइप असतो. तिथे हिशेब करायला लावा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. मग तुमच्या इमारतीच्या गच्चीवर एका मोठ्या पावसात किती जमेल आणि तेवढं पाणी मावेल अशी टाकी ठेवायची कुठे?

ठाणे तलावांचं शहर असल्यामुळे मासुंदा किंवा उपवनच्या पाण्याचे नमुने आणणारे गट भेटतात. मला हे प्रकल्प मनापासून आवडतात, कारण मुलं घराबाहेर पडून मोजमाप करतात. त्यांना विचारा, नमुना काठावरून घेतला की आतून, सकाळी की दुपारी? शेवाळ भरपूर असलेल्या पाण्यात दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, वाढतो. सकाळ-दुपारचा हा फरक एखाद्या मुलीने वहीत टिपलेला असेल, तर ती खरंखुरं संशोधन करते आहे.

मोटरने डायनॅमो फिरवायचा आणि त्याच विजेवर मोटर चालवायची, अशी "फुकट वीज" कुठेतरी मांडलेली असतेच. व्हिडिओत पाहिलेलं असतं आणि मुलाचा त्यावर विश्वास असतो. चारचौघांत त्याला खोटं पाडू नका. बॅटरी काढल्यावर किती सेकंद चाललं, ते मोजलं का, एवढंच विचारा आणि शक्य असेल तर तिथेच मोजायला सांगा. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्या मोजण्यातून त्याच्यापर्यंत पोचतो.

नोंदवही प्रत्येकाकडे मागा. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे लिहिला असेल तर त्याला भरघोस गुण द्या.

पिशवीत रायटिंग पॅड, दोन पेनं, पेन्सिल, खोडरबर, पाण्याची बाटली आणि हातात घड्याळ असू द्या. चपला अशा घाला की तीन तास उभं राहता येईल. शाळा घोडबंदर रोडला असेल तर अर्धा तास जास्तीचा धरा. नौपाड्यात असेल तर गाडी घरी ठेवून लोकलने या, स्टेशनवरून चालत जाणं सोपं.

पोचल्यावर एक फेरी पेन न काढता मारा. मुलं कुठवर गेली आहेत याचा अंदाज येतो. कुठे उघडी वायर, ॲसिड किंवा पेटता बर्नर दिसला तर गुणांचा विचार न करता आधी शिक्षकांना सांगा. पहिल्या काही टेबलांचे गुण पेन्सिलने लिहा, कारण सुरुवातीला हात एक तर आखडता असतो किंवा सैल. बाकीचे पाहून झाल्यावर ते पुन्हा तपासता येतात.

मुलं लहान असतील तर खुर्ची ओढून बसा, वरून बोलू नका. मूल मराठीत बोलत असेल तर मराठीत विचारा. सेमी-इंग्रजीतलं असेल तर त्याचे इंग्रजी शब्द तसेच चालू द्या. गटात एकच जण बोलत असेल तर शेजारच्या गप्प मुलाला विचारा, "यातलं तू काय केलंस?" बरेचदा सगळी जोडणी त्यानेच केलेली असते. पालक मध्ये उत्तर द्यायला लागले तर "त्याच्याकडून ऐकू दे ना" असं हसून म्हणा.

टेबल सोडण्यापूर्वी मुलांना दोन गोष्टी सांगा, त्यांच्या कामातलं नेमकं काय आवडलं आणि पुढे काय करून पाहता येईल. "छान, कीप इट अप" यातून त्यांना काहीच कळत नाही. "तीनऐवजी दहा बिया लावून बघ" हे ते घरी जाऊन करतात. गुण मात्र सांगू नका.

दोन परीक्षकांच्या गुणांत मोठी तफावत आली तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. दोघंही त्या टेबलावर परत जा आणि राहिलेला प्रश्न विचारा.

आणखी एक गोष्ट मुख्याध्यापकांकडे आदल्या आठवड्यातच मागून ठेवा. मुलं दिवसभर आपापल्या टेबलामागे उभी असतात आणि इतरांचं काम त्यांना बघायलाच मिळत नाही. परीक्षण संपल्यावर आणि निकाल जाहीर होण्याआधी अर्धा तास त्यांना मोकळं फिरू द्या म्हणावं.