ईएसपी३२-कॅम सारखा रिसेट होतोय? कोडला हात लावायच्या आधी वायर मोजा

ईएसपी३२-कॅम (वायफाय आणि कॅमेरा असलेला छोटा बोर्ड) पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण माझा जवळजवळ आठवडा यात गेला आणि तो सगळा कोड बघण्यात गेला.

झालं असं की स्केच (म्हणजे बोर्डवर टाकायचा प्रोग्राम) नीट अपलोड झालं, आयपी आला, ब्राउझरमध्ये पेज पण उघडलं, पण स्ट्रीम चालू केली की दोन-तीन सेकंदात चित्र अडकायचं आणि बोर्ड रिसेट. लायब्ररी बदलली, कॅमेऱ्याची पट्टी काढून परत बसवली, रेझोल्यूशन कमी केलं. रेझोल्यूशन कमी केल्यावर जरा जास्त वेळ चालायचं, त्यामुळे कोडवरचा संशय अजूनच वाढला. मग एकदा सिरीयल मॉनिटर (बोर्डचे मेसेज संगणकावर दाखवणारी खिडकी) ११५२०० च्या वेगावर उघडा ठेवून नेमकं रिसेट होताना काय येतं ते बघितलं, तर सरळ लिहून येत होतं, 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड'. म्हणजे व्होल्टेज खाली गेलं म्हणून चिपने स्वतःच रिसेट घेतला.

बोर्डवर ५ व्होल्टचे ३.३ करणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो, आणि त्याला आउटपुटपेक्षा साधारण १ ते १.३ व्होल्ट जास्तीचे लागतात. म्हणजे ५ चे ४.४ झाले की ३.३ पण डळमळायला लागतात. बोर्डच्या डेटाशीटमध्ये फ्लॅशचा दिवा बंद असताना १८० मिलिअँप आणि पूर्ण चालू असताना ३१० लिहिलंय, पण वायफाय डेटा पाठवतं त्या क्षणी करंट एकदम उसळतो, मार तिथेच बसतो.

मी मल्टिमीटर लावला होता हो, पण अडॅप्टरच्या टोकाला, तिथे ४.९ दिसत होते. चूक तिथेच. स्ट्रीम चालू ठेवून एकाच वायरच्या दोन टोकांना दोन प्रोब लावा, जो आकडा दिसेल तेवढं व्होल्टेज ती वायर खातेय. माझ्या बारीक जंपर वायरवर ०.२ च्या आसपास जात होते आणि ग्राउंडच्या वायरवर जवळपास तेवढेच परत, ग्राउंडची वायर मोजायचं बरेच जण विसरतात. शिवाय मीटर सरासरी दाखवतो, मिलिसेकंदाचा खड्डा त्यात दिसतच नाही, त्यामुळे खरं व्होल्टेज त्याहून खाली जात असणार हे धरून चला.

मी ब्रेडबोर्ड काढून टाकला, ५ व्होल्ट २ अँपचा अडॅप्टर आखूड जाड वायरने थेट बोर्डच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडला दिला, आणि पिनांच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला (प्लस-मायनस बघून लावा, उलटा लागला तर फुटतो). प्रोग्रामरचा (कोड टाकायला लावतो तो यूएसबी अडॅप्टर) ग्राउंड जोडलेला ठेवायचा, त्याचा ५ व्होल्ट मात्र काढायचा. आणि प्रोग्रामरमध्ये एफटी२३२ चिप असेल तर तिच्या ३.३ च्या पिनवर बोर्ड चालवू नका, ती चिप तिथून जेमतेम ५० मिलिअँप देते.

कोडमधून ब्राउनआउट डिटेक्टर बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळेल. कृपया करू नका. त्याने फक्त तक्रार बंद होते, व्होल्टेज पडतच राहतं, मग फोटोत आडव्या रेघा येतात, मेमरी कार्डवरच्या फाइल खराब होतात आणि कारण शोधायला काही खूणच उरत नाही.

ब्राउनआउटची ओळ न येता दर बूटला 'कॅमेरा इनिट फेल्ड' येत असेल तर आधी पट्टीचं लॉक नीट बसलंय का आणि स्केचमध्ये एआय थिंकरचं (बोर्ड बनवणारी कंपनी) मॉडेल निवडलंय का ते बघा, सप्लाय त्यानंतर.