रोमच्या त्रात्तोरियात शाकाहारी माणसाने कसं जेवावं

इटलीला निघालेल्या शाकाहाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला : ‘पोह्यांची पाकिटं ने आणि बाहेर पिझ्झा खा.’ पाकिटं खुशाल न्या, पण रोमच्या त्रात्तोरियात, म्हणजे गल्लीतल्या साध्या खानावळीत, उत्तम शाकाहारी जेवण मिळतं. ऑर्डर तेवढी नीट देता आली पाहिजे.

दारात उभं राहून कोणी हाका मारत असेल तर तिथून पुढे चला. संध्याकाळी साडेसातच्या आधी जाऊ नका, चूल बहुधा पेटलेलीच नसते. साधं पाणी हवं तर ‘नातुराले’ म्हणा. बाटलीचे पैसे पडतात.

मेन्यूवर आंतीपास्ती, प्रीमी, सेकोंदी, कोंतोर्नी, दोल्ची असे भाग असतात. सगळ्यांतून काहीतरी घ्यायलाच हवं असं नाही. सेकोंदी म्हणजे बहुतेक मांस-मासळी, सोडून द्या. प्रीमीतला एक पास्ता आणि दोन कोंतोर्नी, म्हणजे भाज्या, एवढ्यात पोट भरतं.

खरी मेख प्रीमीत आहे. सुरुवातीला माझंही घोडं इथेच अडायचं. रोमचे चार नावाजलेले पास्ते म्हणजे कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रीचा आणि काचो ए पेपे. यातल्या पहिल्या तिघांत ग्वांचाले असतं, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. अमात्रिचाना सगळ्यांत फसवी, कारण लालभडक टोमॅटोचा रस्सा बघून कुणाला शंकाही येत नाही. चौथ्यात फक्त पेकोरीनो चीज आणि मिरी.

‘आम्ही व्हेजिटेरियन’ एवढं सांगून मेन्यू मिटू नका. वेटर मान डोलावतो, पण तेलात विरघळलेला अँकोव्ही मासा त्याच्या लक्षात येईलच असं नाही. नको त्या जिनसाचं नाव घ्या : ‘सेंत्सा ग्वांचाले, सेंत्सा अच्चूगे’, म्हणजे ग्वांचाले नको, अँकोव्ही नको. आणि हे फक्त पास्त्यापुरतं नाही. पुंतारेल्ले या कडसर पालेभाजीची कोशिंबीर अँकोव्ही घातलेल्या तेलातच कालवतात. फ्योरी दी झुक्का, म्हणजे भोपळ्याच्या फुलांची भजी, दिसली की आपली माणसं हुरळतात. रोममध्ये त्या फुलात मोझारेलाबरोबर अँकोव्ही भरायची पद्धत आहे. सूप किंवा रिसोत्तो घेणार असाल तर ‘ब्रोदो’, म्हणजे त्यात घातलेला स्टॉक, कशाचा, ते विचारा.

मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत अ‍ॅलर्जीची यादी असते, ती जरूर वाचा. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात १४ घटकांची माहिती ग्राहकाला देणं बंधनकारक आहे. त्यांत अंडं आणि मासे येतात, म्हणून अँकोव्ही तिथे सापडतो. मांस मात्र त्या १४ मध्ये नाही, त्यामुळे यादी कोरी दिसली तरी ग्वांचालेबद्दल तोंडाने विचारावंच लागतं. अंडं न खाणाऱ्यांनी फेत्तुचीनेसारखा ताजा पास्ता टाळावा. स्पागेत्ती, रिगातोनी हे वाळवलेले प्रकार साधारणपणे गव्हाचा रवा आणि पाण्याचेच असतात.

चीजचा निर्णय घरून निघतानाच घ्या, टेबलावर बसून कुटुंबात वाद नकोत. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या आणि पेकोरीनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ते चालत नसेल तर काचो ए पेपेही बाद. मग ‘सेंत्सा फोर्माज्जो’ म्हणून आल्यो ओल्यो ए पेपेरोंचीनो मागवा : लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची. माझ्या मते आपल्या जिभेला रोममधलं सगळ्यांत लवकर पटणारं ताट हेच. सोबत चिकोरिया रिपासाता घ्याच. लसूण-मिरचीवर परतलेली ही पालेभाजी मेथीसारखी कडसर लागते. हिवाळा-वसंतात गेलात तर कार्चोफी आला जुदिया, म्हणजे अख्खी तळलेली आर्टिचोक नावाची कळीसारखी भाजी, चुकवू नका.

गोडात पान्ना कोत्तात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं) आणि तिरामिसूत अंडं असतं. फळं मागवा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही : ‘इल कोंतो, पेर फावोरे’. ‘पाने’ या नावाखाली ब्रेडचे पैसे लावले जातात, तेव्हा नको असेल तर टोपली आल्या आल्या परत पाठवा. टिप सक्तीची नाही, आणि बिलात ‘सेर्वित्सिओ’, म्हणजे सेवाशुल्क, आधीच धरलं असेल तर वर काही ठेवायची गरज नाही.