दोन मजल्यांचं छोटं घर: आखणी जिन्यापासून कशी करावी

छोट्या दुमजली घराचा नकाशा काढायला बसलं की बहुतेक जण हॉलपासून सुरुवात करतात. हॉल ठरतो, स्वयंपाकघर ठरतं, वर दोन बेडरूम ठरतात आणि उरलेल्या कोपऱ्यात जिना कोंबला जातो. मग कुठे डोकं आपटतं, कुठे कपाट वर चढत नाही. गोव्यात तर त्यात चार महिन्यांचा पाऊस. इथे जिना आणि पाऊस या दोघांना आधी जागा द्यावी लागते, सोफ्याचं नंतर बघता येतं.

हातात खरी जागा किती, ते मोजा

समजा, घराचं बाहेरचं माप २४ बाय १८ फूट आहे. म्हणजे ४३२ चौरस फूट. पण चिऱ्याची (जांभ्या दगडाची) नऊ इंची भिंत प्लास्टरसह दहा इंचांच्या आसपास जाते. चारही बाजूंनी ती वजा केली की आत उरतात सुमारे ३६५ चौरस फूट. एक छोटी खोली भिंतींनीच खाल्ली! बाहेर चिराच ठेवा, पावसाळ्यात आणि मे महिन्यात त्याचे उपकार कळतात. आतल्या विभाजक भिंती मात्र चार इंची विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या चालतात. जुनं घर दुरुस्त करत असाल तर आतल्या कुठल्या भिंतीवर भार आहे हे इंजिनियरला विचारल्याशिवाय घण उचलू नका.

मग जिना

जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत १० फूट धरले आणि पायरीची उंची सात इंच ठेवली, तर १७ चढ येतात. पाऊल ठेवायला दहा इंच हवेत. दोनदा उंची अधिक एकदा पावलाची रुंदी, बेरीज २४-२५ इंचांच्या घरात आली की जिना पायाला सोपा जातो. जागा वाचवण्यासाठी नऊ इंची उभ्या पायऱ्या घालणारे गवंडी भेटतील. त्यांना नाही म्हणा.

शेवटचं पाऊल वरच्या जमिनीवरच पडतं, म्हणून १६ पावलांचा सरळ जिना १३ फूट ४ इंच लांब होतो. तीन फूट रुंदी धरली तर ४० चौरस फूट, शिवाय वर-खाली उभं राहायला जागा वेगळी. मध्ये लँडिंग घेऊन वळवलेला जिना साधारण सव्वासहा बाय पावणेदहा फुटांत बसतो, म्हणजे ६० चौरस फूट. कागदावर सरळ जिना स्वस्त दिसतो, पण १७ पायऱ्या एका दमात चढणं घरातल्या वयस्करांना जड जातं. लांबट, अरुंद घर असेल तरच सरळ जिना घ्या. नाहीतर वळणाचा बरा. गोल लोखंडी जिना फोटोत छान दिसतो. ओल्या पायांनी, हातात कपड्यांची बादली घेऊन तो एकदा उतरून बघा, मग ठरवा.

आता जिन्याखालची जागा. पहिल्या टप्प्यात नऊ चढ घेतले तर लँडिंग सव्वापाच फुटांवर येतं आणि स्लॅबची जाडी वजा जाता खाली पावणेपाच फूट उरतात. तिथे संडास काढू असं सगळेच म्हणतात, पण माणूस तिथे उभा राहू शकत नाही. संडास हवाच असेल तर पहिला टप्पा १२ चढांचा करा, म्हणजे साडेसहा फूट मिळतात. अर्थात जिना तेवढा लांबतो. नाहीतर तिथे वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि तांदळाचे डबे ठेवा. गॅसचा सिलिंडर मात्र नको. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झालीच तर तो खालीच साचतो, आणि तोही नेमका बाहेर पळायच्या वाटेवर.

पावसाची बाजू ओळखा

नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि दुपारचं ऊनही त्याच बाजूने येतं. म्हणून जिना आणि न्हाणीघर पश्चिमेला घ्या, झोपायच्या खोल्या पूर्वेला. झोडप या दोघांनी सोसली की आतल्या खोल्या कोरड्या राहतात. जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला, छज्जाच्या आडोशाला, जाळीची झडप ठेवा. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. मे महिन्यात वरच्या मजल्याला त्याने फरक पडतो.

वरचं न्हाणीघर खालच्या न्हाणीघराच्या डोक्यावरच यायला हवं, फार तर स्वयंपाकघरातल्या धुण्याच्या कोपऱ्यावर. नळ एका रांगेत येतात, आणि कधी गळलंच तर पाणी देवघरात किंवा पलंगावर टपकत नाही.

कपाटं आतल्या भिंतींना लावा. पश्चिमेच्या भिंतीला चिकटून केलेलं कपाट जुलैत उघडलं की पाठीवर हिरवी-काळी बुरशी आणि रेशमी साड्यांना कुबट वास. दुसरी भिंतच नसेल तर मागे दोन इंच मोकळे सोडा आणि खाली पाय लावून कपाट जमिनीपासून उचला. स्वयंपाकघरात आणि न्हाणीजवळ साधा प्लायवूड नको, ७१० दर्जाचा (पाण्यात टिकणारा मरीन) मागा. वाळवीचं औषध घराचा पाया भरतानाच मारून घ्या.

आणि कपडे वाळवायची जागा! नकाशात ती कुणीच दाखवत नाही. मग चार महिने हॉलमध्ये दोऱ्या लागतात आणि वाचवलेली सगळी जागा ओले टॉवेल व्यापतात. जिन्याच्या वरच्या पोकळीत छताला कप्पीवर ओढायचा स्टँड लावा. जमिनीची जागा जात नाही, आणि वर चढणाऱ्या हवेने कपडेही लवकर सुकतात.

खालचा मजला: बल्काव, चतुर्थी आणि आजी

बल्काव (दारापुढची बसायची पडवी) कापून हॉल मोठा करायचा मोह होतो. करू नका. पाच फूट खोल बल्कावात दोन बाजूंना सोपे (पक्क्या बैठका) बांधले, तर आल्या-गेल्याची बैठक तिथेच होते आणि हॉल लहान असला तरी चालतो. सोप्यांखाली कप्पे काढा: छत्र्या, रेनकोट, चपला तिथेच राहतात आणि चिखल आत येत नाही.

हॉल आणि जेवणघर यांच्यात भिंत नको, सरकता दरवाजा पुरतो. चतुर्थीला तो पूर्ण उघडला की घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवत आरतीला बसायला जागा होते. गणपतीची जागा आत्ताच ठरवा, आणि स्लॅबच्या सळ्या बांधताना माटोळीसाठी (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीसाठी) चार लोखंडी कड्या ओतून घ्या. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, काकड्या यांचं वजन नंतर ठोकलेल्या खिळ्यावर सोडू नये. माटोळीची लाकडी चौकट वर्षभर ठेवायला कौलारू छपराखालचा माळा उपयोगी पडतो.

खाली एक तरी खोली अशी हवी की जिथे पलंग मावेल, आणि तिला लागून न्हाणी-संडास. सध्या तिथे मुलं अभ्यास करोत. गुडघे कुरकुरायला लागले की आजीचा मुक्काम तिथेच.

वरचा मजला

इथे फार बोलण्यासारखं नाही. पॅसेज शक्य तितका छोटा ठेवा, जिना संपतो तिथूनच दोन्ही खोल्यांची दारं निघू देत. पलंग खणांचे घ्या. मोठं कपाट वर नेता येईल का, हे गादी-कपाटाच्या मापाने आधीच तपासा. वळणाच्या जिन्यावर अखंड लोखंडी कपाट अडतं. गॅलरीचं दार चार फुटी ठेवलं तर दोरी लावून बाहेरून वर घेता येतं.

अंगणात फक्की मारून बघा

नकाशा पक्का करण्याआधी तो मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीने पूर्ण मापात आखा. ओटा दोन फूट, चालायची वाट तीन फूट. खुर्ची मागे सरकवून उठून बघा, फ्रिजचं दार उघडल्यासारखा हात फिरवा, दोघं एकमेकांना ओलांडून जा. ज्या दोन दारांचे पल्ले एकमेकांवर आदळतात, त्यातलं एक सरकतं करा.

एवढं झाल्यावर नकाशा नगर नियोजन खात्याच्या तांत्रिक मंजुरीसाठी आणि मग पंचायतीच्या किंवा पालिकेच्या बांधकाम परवान्यासाठी द्या. २०१० च्या बांधकाम नियमावलीत गॅलरी, जिना, माळा यांची मोजणी कशी होते हे इंजिनियरकडून तेव्हाच समजून घ्या. कौलांऐवजी गच्ची ठेवणार असाल आणि तिच्यावर पुढे पत्र्याचं छप्पर घालायचा विचार असेल, तर तोही याच नकाशात दाखवा.