चिकटवहीचे पान बिघडेल म्हणून थांबलेल्यांसाठी

चिकटवही (फोटो आणि कात्रणे चिकटवून सजवलेली वही) किंवा आर्ट जर्नल (चित्रे आणि मजकूर यांची सजवलेली रोजनिशी) करण्याची हौस असलेल्या बहुतेकांकडे एक वही अशी असते, जिचे पहिलेच पान कोरे असते. कागद जाड, बांधणी सुबक, आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्यावर काही चिकटवायला हात धजत नाही. स्टिकरची पाकिटे, नक्षीदार टेप आणि छापील कागदांचा गठ्ठा ‘चांगल्या पानासाठी’ राखून ठेवलेला असतो, आणि ज्या फोटोंसाठी हे सारे आणले, ते फोटो पाकिटातच पडून राहतात. माझ्याकडे असे एक पाकीट अकरा वर्षे होते. ते उघडले तेव्हा एका फोटोत आजीच्या शेजारी बसलेली बाई कोण, हे सांगू शकणारे घरात कोणीच उरले नव्हते. वाकड्या पानाने कोणाचे काही बिघडले नसते. न झालेल्या पानाने मात्र एक नाव कायमचे गेले.

म्हणून पान सुंदरच व्हायला हवे या हट्टातून बाहेर पडायचे असेल, तर ‘काळजी करणे सोडा’ हा सल्ला कामाचा नाही. ज्याला नीटनेटकेपणाची सवय आहे, त्याला ती एका दिवसात टाकता येत नाही, आणि टाकण्याची गरजही नाही. ती काळजी पानाच्या दिसण्यावरून काढून पानाच्या टिकण्याकडे आणि त्यावरच्या मजकुराकडे वळवावी, असे माझे मत आहे.

सर्वांत मोठा दिलासा एका साध्या नियमाने मिळतो: मूळ फोटो कधीही चिकटवू नये. त्याची प्रत छापून घ्यावी आणि मूळ फोटो पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या पाकिटात वेगळा ठेवावा. पीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकचे पाकीट टाळावे, कारण ते जुने होताना फोटोला अपायकारक द्रव्ये सोडते. प्रत हाती आली की कात्री चालवताना हात थरथरत नाही, कारण चुकले तर दुसरी प्रत काढता येते. वर्तमानपत्राच्या कात्रणांचेही असेच. त्या कागदातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा पडतो व ठिसूळ होतो, त्यामुळे महत्त्वाच्या कात्रणाची आम्लविरहित कागदावर प्रत काढावी. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या बऱ्याच पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या छपाईच्या असतात आणि काही वर्षांत कोऱ्या होतात. त्यांचीही प्रत हवी. पारदर्शक चिकटपट्टी पुढे पिवळी पडून डाग सोडते, म्हणून तिच्याऐवजी आम्लविरहित पीव्हीए गोंद (पांढरा, पाण्यात मिसळणारा गोंद) किंवा फोटोसाठीची दुहेरी टेप वापरावी. काटेकोरपणा येथे हवा तेवढा करावा. येथे तो कामी येतो.

आता वहीकडे वळू. पहिल्या पानाची भीती घालवण्याचा मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे ते पान चाचणीसाठी देऊन टाकणे. आपल्याजवळच्या प्रत्येक पेनाने एक रेघ ओढावी, शेजारी पेनाचे नाव लिहावे, पाव तास थांबावे आणि मग ओला ब्रश सगळ्या रेघांवरून एका दमात आडवा फिरवावा. काही रेघा जागच्या हलत नाहीत. काहींची शाई निळ्या-जांभळ्या धुरासारखी ब्रशामागे ओढली जाते. न हलणाऱ्या शाया बहुधा रंगद्रव्याच्या असतात, आणि जलरंगाखाली लिहायला त्याच वापराव्यात. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक गोंदाने कागदाचा एकेक तुकडा चिकटवून कोणता सुरकुततो, कोणता सपाट राहतो, हे पाहावे. पान तयार होते तेव्हा त्याला सुंदर कोणी म्हणणार नाही, पण पुढे सगळ्यांत जास्त वेळा उलटून पाहिले जाते ते हेच. शिवाय वही आता कोरी नसते, आणि कोरेपणाचा धाक गेलेला असतो.

त्यानंतरच्या पानांसाठी निवडीला आळा घालावा. तीन रंग, एक पेन, एक गोंद आणि वीस मिनिटे एवढीच सामग्री घेऊन बसावे आणि बाकीचे डबे खोलीबाहेर ठेवावेत. चाळीस कागद समोर असले की चाळिसांतला ‘योग्य’ कागद शोधण्यात संध्याकाळ जाते. तीनच असले की काम सुरू होते. तुकडे मांडून झाले की मोबाइलवर त्या मांडणीचा फोटो घ्यावा, सर्वांत मोठा तुकडा आधी चिकटवावा आणि मग मांडणी पुन्हा हलवू नये. हलवाहलव ही या छंदातली सर्वांत फसवी गोष्ट आहे, कारण ती कामासारखी वाटते. मार्क ट्वेन हा लेखक चिकटवह्यांचा मोठा शौकीन होता आणि त्याने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट घेतले. पान ओले करायचे आणि कात्रण दाबायचे, एवढेच काम उरत असे. हात आणि पान यांच्यामधले टप्पे असे कमी केले की पाने भरू लागतात.

सरळ रेषेत कापण्याचा सोस असेल, तर काही दिवस कात्री बाजूला ठेवून कागद हाताने फाडावा. कागदाला धागा, म्हणजे तंतूंची एक दिशा, असते: एका दिशेने तो बराचसा सरळ फाटतो, आडव्या दिशेने वेडावाकडा. छापील कागद फाडला की कडेला आतला पांढरा पदर दिसतो आणि तो शेजारच्या तुकड्यापासून रंग वेगळा काढतो. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने १९१९ पासून ट्रामची तिकिटे, वेष्टने आणि टाकाऊ छापील कागद यांतून कोलाज केले, आणि त्या कामाला दिलेले ‘मेर्त्स’ हे नावसुद्धा एका जाहिरातीतल्या शब्दाचा कापलेला तुकडा होता. फाटकी कड चुकीची म्हणता येत नाही, कारण ती कशी असायला हवी होती हे कोणीच ठरवलेले नसते.

तरीही चुका होतातच, आणि त्या क्षणी काय करायचे हे माहीत असले की घाबरगुंडी उडत नाही. शाईचा थेंब पडला तर तो पुसू नये, कारण पुसताना तो पसरतो. टिपकागदाचा कोपरा थेंबाच्या मधोमध टेकवावा, शाई वर चढू द्यावी आणि उरलेला डाग पूर्ण वाळू द्यावा. मग त्यावर जेसोचा पातळ हात द्यावा. जेसो म्हणजे खडूची पूड आणि पांढरे रंगद्रव्य घातलेला ॲक्रिलिक लेप. तो वाळला की त्यावर पुन्हा लिहिता येते, रंगवता येते. काही शाया जेसोतूनही वर येतात. अशा वेळी दुसरा हात देण्याऐवजी तेथे सरळ एखादा कागद चिकटवावा. तुकडा तिरका चिकटला आणि पीव्हीए ओला असला, तर पहिल्या एक-दोन मिनिटांत तो अलगद उचलता येतो. त्यानंतर ओढू नये, खालचे पान सोलले जाते. आत फुगा राहिला तर पात्याने बारीक चीर देऊन गोंद आत सारावा. सुरकुत्या पडल्या तर दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबावे. साध्या, सत्तर-ऐंशी जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागदावर ओले काम केले की तो वळणारच. दोन पाने एकमेकांना चिकटवून घेतली तर पुष्कळ फरक पडतो, आणि जलरंगासाठी तीनशे जीएसएमचा कागद चांगला.

काम करताना इतरांची पाने पाहू नयेत. ती दुसऱ्या दिवशी पाहावीत.

सर्वांत जास्त हात अडतो तो लिहिताना. अनेक जण पान सजवतात आणि अक्षर वाईट आहे म्हणून मजकुराची जागा रिकामी सोडतात. खरे तर क्रम उलटा करावा: तारीख, माणसांची नावे, ठिकाण आणि त्या दिवसाविषयीचे एक पूर्ण वाक्य आधी लिहावे, सजावट नंतर त्याच्याभोवती करावी. शब्द चुकला तर एका रेघेने खोडून वर बरोबर शब्द लिहावा. त्यावर पट्टी चिकटवू नये. गेलेल्या माणसाच्या हातची सामानाची यादी आपण वर्षानुवर्षे जपतो, ती अक्षर वळणदार असते म्हणून जपत नाही. तुमचे अक्षरही पुढे कोणीतरी असेच ओळखणार आहे. या चार गोष्टी लिहून झाल्या की पान पूर्ण झाले असे धरावे, त्यावर फूल असो वा नसो.

आजीच्या त्या फोटोची प्रत मी अखेर एका साध्या तपकिरी कागदावर चिकटवली. डावा कोपरा थोडा वर गेला आहे. खाली आजीचे नाव लिहिले, शेजारच्या बाईंपुढे ‘नाव माहीत नाही’ असे लिहिले, आणि कोणाला कधी कळलेच तर भरता यावी म्हणून त्यापुढे एक रेघ मोकळी ठेवली.